साडूचं अंडं

बायको साडूला अंडं उकडायला शिकवायला गेली आणि अंडं खाऊन आली, त्या दिवसापासून कोठीवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं.

दुखणं औषधाचं नव्हतं. औषधाचं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं, कारण चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या रुग्णालयाची कोठी सांभाळली होती. सुया, कापूस, सलाइनच्या बाटल्या, चादरी, फिनेल, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. डॉक्टर बदलले, मोठे साहेब आले आणि गेले, रोगीही आपापल्या वाटेने गेले. कोठीवाले जागचे हलले नाहीत. त्यांचं खरं नाव रुग्णालयाच्या कागदांवर होतं आणि निवृत्तीनंतर ते तिथेच राहिलं. घरी काय आलं, तर ‘कोठीवाले’.

कोठीचा नियम एकच. जे आधी आलं ते आधी जाणार. नवा माल मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा आणि बारा दिवसांचा शिल्लक साठा कायम ठेवायचा. “हे ज्याला कळलं त्याला संसार कळला,” असं ते नव्या कारकुनांना सांगत. संसाराबद्दल त्यांच्या बायकोला काय कळलं होतं ते कुणी विचारलं नव्हतं.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले, मागे हात बांधून डब्यांची पाहणी केली आणि म्हणाले, “इथे शिस्त लावायला हवी.”

बायको सावध होती. बंधारा फुटायच्या आत एखादा लहानसा पाट काढून द्यावा तसं तिने केलं. “सकाळची दोन अंडी तुम्ही उकडत जा,” ती म्हणाली. “एक तुमचं, एक माझं. आणि बाकी कशाला हात लावू नका.”

त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं घरात सगळं बायकोचं आणि अंडी तेवढी कोठीवाल्यांची, अशी वाटणी निर्वेध चालली होती.

दोन गल्ल्या सोडून एक बाई राहायची. तिच्या घरामागे पत्र्याचं खुराडं होतं. कोठीवाले रोज साडेसहाला तिच्या फाटकाशी हजर.

“आजचीच ना?” ते विचारत.

“अहो, कोमट आहे अजून. हात लावून बघा,” कोंबड्यावाली म्हणे. “माझ्यावर भरवसा नसेल तर कोंबडीला विचारा. ती बसलीय आत.”

दोन अंडी घेऊन ते घरी येत, शिसपेन्सिलीने प्रत्येकावर तारीख घालत. फ्रिजच्या दारात बारा अंड्यांची रांग असे, तो शिल्लक साठा. आणलेल्या दोनांपैकी एक रांगेच्या शेपटाला लागे आणि रांगेच्या तोंडचं, म्हणजे बारा दिवसांपूर्वीचं, बाहेर निघे. ते त्यांचं स्वतःचं. दुसरं, आजचं, कोमट, ते मात्र रांगेत न लावता थेट पातेल्यात जाई. ते बायकोचं.

चौतीस वर्षं पाळलेला नियम कोठीवाल्यांनी जगात एका माणसासाठी मोडला होता, आणि त्या माणसाला याचा पत्ता नव्हता. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, असं त्यांचं मत. बायकोला फ्रिजमधल्या अंड्यांवरचे आकडे दिसायचे, पण ती बघायची नाही. रुग्णालयातून माणूस बाहेर पडला तरी काही विकार अंगात राहतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

उकडण्यात खोट नव्हती. अंड्यांवर बोटभर चढेल इतकं गार पाणी, उकळी फुटली की आच मंद, मनगटावरच्या घड्याळाने अकरा मिनिटं, मग पुन्हा गार पाणी. घोडं पेंड खायचं ते सोलताना. बायकोच्या अंड्याचं टरफल म्हणून सुटायचं नाही. नखाएवढा तुकडा निघायचा आणि जाताना पांढऱ्याचा लचका घेऊन जायचा. पाच मिनिटं झटून हातात जे उरे, त्याला अंडं म्हणायला मोठं मन लागे. त्यांचं स्वतःचं मात्र दोन टिचक्यांत अंगरखा उतरवल्यासारखं मोकळं होई.

कोठीवाल्यांनी यावर पुष्कळ विचार केला होता आणि निष्कर्षही काढला होता. बायकोचं अंडं सोलताना आपला जीव गुंततो, हात कापतो, म्हणून ते बिघडतं. स्वतःच्याकडे लक्षच नसतं, म्हणून ते साधतं. जगाची रीतच अशी, जीव लावावा तिथे लचके. हा निष्कर्ष त्यांना इतका आवडला होता की तो खरा आहे का, हे तपासायचं त्यांना सुचलं नाही.

आणि मग ताई, म्हणजे बायकोची थोरली बहीण, लेकीच्या बाळंतपणाला अडीच महिन्यांसाठी परगावी गेली. जाताना धाकटीला सांगून गेली, “यांना पाणीसुद्धा तापवता येत नाही गं. सकाळची जरा जाऊन बघत जा.”

यांना म्हणजे साडूंना. साडूंनी तीस वर्षं शिवणयंत्रं विकली होती. म्हणजे तीस वर्षं परक्या घरांत शिरून, सुईत दोरा ओवता ओवता तिथल्या बायकांना हसवायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. वयाने ते कोठीवाल्यांहून आठ महिन्यांनी धाकटे, पण थोरलीचे नवरे म्हणून मानाने थोरले. शिवाय त्यांच्या डोक्यावर केस होते. सत्तरीत. तेवढं एक कोठीवाल्यांनी त्यांना कधी माफ केलं नव्हतं.

बायको पहिल्या दिवशी आठला गेली ती सव्वानवाला परतली.

“शिकले?” कोठीवाल्यांनी विचारलं.

“कोण?”

“साडू. अंडं उकडायला.”

“अहो, त्यांना येतं की! मलाच खायला घातलं.” बायको चपला काढता काढता थांबली. “काय सुरेख अंडं होतं. इतक्या वर्षांत असं अंडं मी नाही खाल्लं.”

“सुरेख म्हणजे?”

“गुळगुळीत. कुठे ओरखडा नाही की खड्डा नाही. भाऊजींनी बशीत ठेवलं आणि मी आपली बघतच राहिले.”

अकरा वर्षांत बायकोने कोठीवाल्यांच्या अंड्याला ‘बरं’सुद्धा म्हटलं नव्हतं. ती अंडं बशीत आल्याआल्या चमच्याने मोडायची, मीठमिरी घालायची आणि खिडकीबाहेर बघत खायची. इतकी भूक लागते बिचारीला, असं ते समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी जाताना तिने केसांवरून दुसऱ्यांदा कंगवा फिरवला, हे कोठीवाल्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलं.

“त्यांना येतं म्हणालीस ना? मग रोज कशाला जायचं?”

“ताईला शब्द दिलाय.”

“शब्द बघायचा दिला होता. खायचा नव्हता.”

“मग काय त्यांनी केलेलं टाकून येऊ? पुढ्यात ठेवतात बिचारे.”

‘बिचारे’ हा शब्द कोठीवाल्यांना मिरचीसारखा झोंबला. इतक्या वर्षांच्या संसारात ते एकदाही बिचारे झाले नव्हते.

आता त्यांची सकाळ सुनी झाली. टेबलाशी एक खुर्ची रिकामी, एक बशी उपडी. पण सवय म्हणून ते रोज दोन अंडी आणतच होते. बायकोचं आजचं अंडं खायला कोणी नाही, म्हणून तेही रांगेला लागू लागलं. साठा तेरा झाला, चौदा झाला, सोळावर गेला. फ्रिजच्या दारातून रांग वळून आतल्या फळीवर चढली.

“अहो, दूध कुठे ठेवू मी?” बायकोने विचारलं.

“तू घरी खाल्लंस तर जागा होईल.”

“दुधाला की तुम्हाला?” बायको म्हणाली आणि दुधाचं भांडं भाजीच्या खणात कोंबून निघून गेली.

सातव्या दिवशी कोठीवाल्यांना दोन वर्षांपूर्वी साडूंकडून आणलेली पकड आठवली. वस्तू परत केली पाहिजे. कोठीचा माणूस वस्तू ठेवून घेत नाही. बायको आठला जायची, हे पावणेआठलाच जाऊन दार वाजवते झाले.

“या या, कोठीवाले!” साडू बनियनवर, केस विंचरलेले. “पकड? ही माझी? मी तर नवी घेतली हो. बसा, अंडी टाकतोय.”

कोठीवाले बसले नाहीत, स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे राहिले. तिथे जे दिसलं ते पाहून कोठीच्या माणसाला घेरी यावी. कपाटावर तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, उघडा, अर्धा रिकामा. तारखा नाहीत, काही नाही. साडूंनी हाताला लागली ती दोन उचलून पातेल्यात सोडली. पाणी किती, ते पाण्यालाच माहीत. घड्याळ नाही. झाकण म्हणून एक बशी, तीही तिरकी. मग फोन वाजला तसे साडू बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेले, कुणाला तरी हसवलं, परत आले, पातेल्याचा खडखडाट ऐकून म्हणाले, “झाली वाटतं.”

“ही अंडी केव्हाची?” कोठीवाल्यांनी विचारलं.

“कोण जाणे. ही गेली ना, त्याच्या आधी केव्हातरी आणलेली. पंधरवडा झाला असेल, जास्तच.”

आणि मग साडूंनी अंडं ओट्यावर आपटलं, तळहाताखाली एकदा लोळवलं आणि चिमटीत धरून ओढलं. टरफल दोन तुकड्यांत निघून आलं. आतलं अंडं असं चकचकीत की त्यात साडूंचे केस दिसले.

कोठीवाले तिथून निघाले ते जिन्यात बायकोला आडवे आले.

“तुम्ही इकडे कुठे?”

“पकड द्यायला. आणि ऐक. तो तुला शिळी अंडी खायला घालतोय. पंधरा दिवसांची! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.”

त्यांना वाटलं होतं, आता ही तोंडावर हात ठेवील, आल्या पावली मागे फिरेल.

“असू देत,” बायको म्हणाली. “आख्खी तरी असतात.” आणि ती वर गेली.

आख्खी तरी! कोठीवाले घरापर्यंत हे दोन शब्द चघळत आले. ते घशाखाली उतरेनात. पण एक गोष्ट त्यांना कळली. भांडण गुळगुळीतपणाचं आहे. बायको परत टेबलाशी यायला हवी असेल, तर तिच्या बशीत आरशासारखं अंडं पडायला हवं. आणि ते साडूंच्या डोळ्यांदेखत पडलं, तर सोन्याहून पिवळं.

त्यांनी साडूंना रविवारच्या नाश्त्याचं आमंत्रण दिलं.

मधले तीन दिवस सरावात गेले. आजचं अंडं घ्यायचं आणि नवा उपाय करून बघायचा. पाण्यात मीठ घालून पाहिलं. व्हिनेगर घातलं, स्वयंपाकघरात दोन तास लोणच्याचा कारखाना सुटल्यासारखा वास. पाण्याखाली सोललं. चमच्याने सोललं. टाचणीने भोक पाडून त्यातून फुंकलं, तेव्हा कानात दडे बसले, टरफल तसंच. शेवटी साडूंचा बेफिकीरपणा हेच खरं रहस्य, असं ठरवून ते बेफिकीर राहण्याचा सराव करू लागले. शीळ घालत सोलायचं. दुसरीकडे बघत सोलायचं. बायको पाणी प्यायला आली तेव्हा नवरा छताकडे बघत शीळ वाजवतोय आणि हातात अंड्याचा चुरा झालाय, हे दृश्य तिने पाहिलं आणि पाणी न पिताच गेली.

लचके पडलेली सगळी अंडी कोठीवाल्यांनी कोंबड्यावालीच्या कुत्र्याला घातली. स्वतःचं बारा दिवसांचं मात्र रोज नेमाने खाल्लं. साठा फिरता राहायला हवा.

रविवारी त्यांनी कोंबड्यावालीकडून एक अंडं जास्त घेतलं.

“पाहुणे का?” ती म्हणाली.

“साडू.”

“मग लहानसं देऊ?”

कोठीवाल्यांना ही बाई पहिल्यापासून हुशार वाटत आली होती. पण घरी आलेल्या पाहुण्याला शिळं घालणं किंवा लहान घालणं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. वैर वैराच्या जागी. त्यांनी सगळ्यांत मोठं, सगळ्यांत कोमट अंडं निवडलं. दोन आजची, एक साडूंना, एक बायकोला. आणि रांगेच्या तोंडचं आपल्याला.

साडू बरोबर आठला आले. बायको टेबलाशी बसली, दहा दिवसांनी आपल्या खुर्चीत. साडूंनी आल्याआल्या तिला कसल्याशा गोष्टीवरून हसवलं. स्वयंपाकघरात तो हसण्याचा आवाज आला आणि कोठीवाल्यांची शीळ मध्येच बेसूर झाली.

त्यांनी पहिलं अंडं लोळवलं, अगदी साडूंसारखं. चिमटीत धरून ओढलं. लचका. पुन्हा ओढलं. आणखी एक. दुसरं घेतलं, त्याची तर बाजूच गेली, आतलं पिवळं डोकावलं. बाहेरून साडूंचा आवाज आला, “कोठीवाले, कोंबडी बसलीय का हो अजून अंड्यावर?” आणि बायको पुन्हा हसली. घामेजल्या हाताने कोठीवाल्यांनी तिसरं अंडं घेतलं. ते एका ओढीत निघालं. स्वच्छ, गुळगुळीत, लोण्याच्या गोळ्यासारखं.

क्षणभर त्यांच्या मनात आलं की हे बायकोच्या बशीत ठेवावं. बारा दिवसांचं! हात पुढे गेला आणि मागे आला. नाही. जमायचं नाही. हरलो तर हरलो, पण बायकोला शिळं घालणार नाही.

तीन बश्या घेऊन ते बाहेर आले आणि ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

साडूंनी आपल्या बशीकडे पाहिलं. मग बायकोच्या बशीकडे. मग कोठीवाल्यांच्या. आणि टेबलावर थाप मारून ते जे हसले, त्याने चमचे उडाले.

“शाब्बास! याला म्हणतात पाहुणचार! पाहुण्याला उंदराने कुरतडलेलं, बायकोला कुत्र्याने हुंगलेलं आणि स्वतःला मोती! अहो धाकटीबाई, पाहिलंत का तुमच्या नवऱ्याचं?”

बायको हसली नाही. “मी अकरा वर्षं पाहतेय, भाऊजी,” ती म्हणाली.

“काय पाहतेयस?” कोठीवाल्यांनी विचारलं.

“हेच. रोज दोन बश्या येतात. तुमची बघावी तर आरसा. माझी बघावी तर हे असं. मी म्हटलं, असेल एखादा दिवस. मग म्हटलं, असेल एखादं वर्ष. अकरा वर्षांत एकदा, अहो, चुकून एकदा तरी चांगलं माझ्या बशीत यावं की नाही?”

“म्हणजे तुला वाटत होतं की मी... निवडून...”

“मग आपोआप उडी मारून येतं का ते तुमच्या बशीत?”

“बोलली का नाहीस?”

“काय बोलू? या वयात अंड्यावरून भांडू? तुमचं मला द्या म्हणू?” बायकोचा आवाज चढला. “रोज तुमच्या बशीकडे बघून जळायचे मी. म्हणून मोडून टाकायचे लगेच. बघायला नको. भाऊजींनी एक आख्खं अंडं पुढ्यात ठेवलं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तुम्ही म्हणता शिळं आहे!”

आपल्या बायकोला घरातच, आपल्याच बशीचा हेवा वाटत होता, हे ऐकून कोठीवाले थिजले. दहा दिवस ते स्वतःला या घरातला एकुलता एक जळणारा माणूस समजत होते.

ते उठले. फ्रिज उघडला. ट्रे, वाटी, भाजीचा खण, जिथे जिथे साठा पसरला होता तिथून एकेक अंडं आणून त्यांनी टेबलावर रांग लावली. एकोणीस अंडी.

“वाच,” ते म्हणाले.

बायकोने चष्मा चढवला. “अठरा... एकोणीस... वीस... ह्या तारखा आहेत?”

“आज किती?”

“एकोणतीस.”

“मी आज खाणार ते सतरा तारखेचं आहे. रांगेच्या तोंडचं. रोज मी रांगेच्या तोंडचं खातो. आणि तुझं रोज त्या दिवसाचं असतं. कोमट आणतो मी. आता ते नीट सोललं जात नाही, त्याला मी काय करू? हात कापतो माझा.”

मग साडू खाकरले. धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला गप्प बसणं कठीण जातं.

“हात नाही हो कापत,” ते म्हणाले. “ताजं अंडं नीट सोललंच जात नाही. नवं जोडपं कसं असतं? ओढून वेगळं करावं लागतं. आठ-पंधरा दिवस जाऊ दिले की आपोआप सुटं होतं. आमची ही जाताना मला बजावून गेलीय, ताजी तव्यावर फोडा, जुनी उकडा. मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत असतं.”

“मला कुठे माहीत होतं माझं ताजं असतं?” बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “म्हणजे तुम्ही अकरा वर्षं बारा दिवसांचं खाताय?”

“कोणीतरी खायलाच हवं.”

“आणि सांगितलं नाहीत.”

“सांगण्यासारखं काय होतं त्यात?”

बायकोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “मूर्ख आहात,” ती म्हणाली. मग हात लांब करून तिने नवऱ्याची बशी आपल्याकडे ओढली आणि आपली त्याच्यापुढे सरकवली.

“अगं, ते सतराचं आहे!”

“असू दे. मला ते हवंय.”

तिने ते अंडं मोडलं नाही. चमच्यावर आख्खं उचललं, खिडकीच्या उजेडात फिरवून सगळीकडून पाहिलं, आणि मग घास घेतला. कोठीवाल्यांचा जीव टांगणीला.

“कसंय?”

“दिसायला झकास,” बायको म्हणाली. “चवीला आपलं ठीक.” आणि तिने ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं, एकदाही खिडकीबाहेर न बघता.

आता कोठीवाल्यांपुढे तिचं कुरतडलेलं अंडं होतं. पाहुण्यांसमोर नुसतं बसणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी एक घास तोंडात टाकला.

आणि ते थांबले.

पांढरं मऊसूत. पिवळं दाट, जरासं गोडसर, जिभेवर रेंगाळणारं. मीठसुद्धा लागू नये असं. अकरा वर्षांत त्यांनी आजचं अंडं कधी चाखलंच नव्हतं. रोज आणलं, रोज उकडलं, पण तोंडात गेलं ते कायम रांगेच्या तोंडचं. त्यांनी दुसरा घास घेतला. मग समोर बायकोकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात हिशेब सुरू झाला. अकरा वर्षं. चार हजारांवर अंडी. हे असलं ही बाई रोज खात होती, आणि कधी एका शब्दाने बोलली नाही!

“इतकं चवीचं असतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” ते म्हणाले.

“चवीकडे कुणाचं लक्ष होतं? मी तुमच्या बशीकडे बघत होते.”

साडूंची बशी तोवर चाटून पुसून लख्ख झाली होती. “कोठीवाले,” ते चमचा चोखत म्हणाले, “ही कोंबड्यावाली राहते कुठे हो?”

कोठीवाल्यांनी विचार केला. अकरा वर्षं रोज तुडवलेली दोन गल्ल्यांची वाट त्यांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होती.

“नक्की सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “बरंच लांब आहे.”

सोमवारी आठला बायकोने साडूंना फोन केला, बरे आहात ना विचारलं, आणि घरीच टेबलाशी बसली. कोठीवाल्यांनी दोन बश्या आणल्या. बायकोच्या बशीत गुळगुळीत, तिने बजावून मागितलेलं. त्यांच्या बशीत खड्डे पडलेलं, आजचं. मंगळवारीही तसंच, बुधवारीही. बायको आपलं अंडं उजेडात फिरवून पाही, मग खाई. कोठीवाले मान खाली घालून खात आणि वर बघत नसत.

शनिवारी बायकोने आपला चमचा टेबलावरून त्यांच्या बशीकडे आणला.

“एक घास बघू. पूर्वी चव कशी लागायची तेच आठवत नाही मला.”

कोठीवाल्यांनी सहज हलवल्यासारखा कोपर हलवला आणि बशी छातीशी ओढून घेतली.

“आज जरा लहान निघालंय,” ते म्हणाले.